सातनंतर ओट्यापाशी उभं राहून ठरवू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही दोघंही नोकरीला. घरी पोचायला पावणेआठ होतात. मुलं ६ आणि १० वर्षांची, सासूबाई ७२ वर्षांच्या. त्यांना तिखट सोसत नाही आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय. पोळ्यांना बाई आहेत, पण त्या सकाळी येऊन जातात. आठवड्यातून तीनदा तरी बाहेरून मागवलं जातं आणि मग जिवाला लागून राहतं. अर्ध्या तासात होतील अशा सोप्या, घरगुती पाककृती सांगाल का?"

सांगते. पण आधी माझ्या धंद्यातली एक गोष्ट ऐका. मी डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र चालवते, त्याला आता २३ वर्षं होतील. संध्याकाळी पावणेआठ ते साडेआठ या वेळात काउंटरसमोर जी गर्दी असते ती तुमच्यासारख्यांचीच. स्टेशनवरून थेट येतात, खांद्याला बॅग तशीच. त्यातल्या बऱ्याच जणांना स्वयंपाक उत्तम येतो, माझ्यापेक्षाही चांगला येत असेल. मग विकत का घेतात? कारण आज काय करायचं हे ठरलेलं नसतं, आणि जे करायचं त्याची निवडून-चिरून तयारी नसते. पदार्थ करण्याचा कंटाळा फार थोड्यांना असतो.

एकदा घड्याळ लावून बघा. मेथीची एक जुडी निवडायला पंचवीस मिनिटं, धुऊन चिरायला सात-आठ, आणि कढईत ती शिजते किती वेळात? सात मिनिटांत. भेंडी धुऊन पुसून कोरडी करून चिरायची म्हणजे वीस मिनिटं गेली, परतायला बारा. मोड आलेली मटकी तयार असेल तर उसळ पंधरा मिनिटांत होते, नसेल तर तिला दीड दिवस लागतो. म्हणजे वेळ खाते ती गॅसच्या अलीकडची कामं. लोकलच्या लेडीज डब्यात संध्याकाळी गवार मोडत, मटार सोलत बसलेल्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. त्यांना हे कुणी शिकवलेलं नाही. घरी गेल्यावर गॅस पेटवण्याआधीचा तास कुठे वाचवायचा ते त्यांना कळलेलं असतं.

म्हणून नव्या नव्या पाककृती गोळा करायच्या फंदात पडू नका. घरात अर्धवट तयार असलेल्या चार वस्तू ठेवा आणि त्या प्रत्येकीतून रात्रीचं काय होतं ते पक्कं करून टाका.

पहिली वस्तू वाटण. माझी आत्या लालबागला खाणावळ चालवायची. गिरणी कामगारांना घरी जेवू घालणाऱ्या ज्या बायका होत्या ना, ज्यांना घेऊन प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांच्याच पिढीतली. पाळी सुटली की माणसं ताटावर येणार, तेव्हा कांदा भाजत बसायला वेळ कोणाला? ती सकाळीच पाट्यावर एक मोठा गोळा वाटून ठेवायची आणि दिवसभर त्यातलाच तुकडा मोडून कशातही घालायची. वाटाणे असोत, वांगं असो, अंडी असोत, बोंबील असोत.

तुमच्या घराच्या मापाने सांगते. मध्यम चार कांदे उभे चिरून दोन चमचे तेलावर तपकिरी होईपर्यंत परता, पंधरा मिनिटं तरी. इथे घाई केली की वाटण गोडसर, कच्चट राहतं. वाटीभर सुकं खोबरं किसून वेगळं भाजा, मंद आचेवर. कांद्याबरोबर भाजू नका, खोबरं दोन मिनिटांत करपतं आणि कडवट होतं. पंधरा-एक लसूण पाकळ्या, दोन पेरं आलं, मूठभर कोथिंबीर. गार झाल्यावर अगदी थोडं पाणी घालून वाटा. आणि नीट लक्षात घ्या, यात मिरची नाही, लाल तिखट नाही, मीठसुद्धा नाही. तुमच्या घरात तीन तऱ्हांच्या जिभा आहेत. तिखट, मीठ वाटणातच गेलं की ते कुणासाठी बाहेर काढता येत नाही.

हे वाटण फ्रिजमध्ये चार दिवस राहतं. बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवलं आणि मग वड्या डब्यात काढून ठेवल्या तर महिनाभर चालतात. पाच माणसांच्या कालवणाला चार वड्या पुरतात. मे महिन्यात एकदा आमच्याकडे सहा-सात तास वीज नव्हती. वड्या पूर्ण वितळल्या होत्या, पुन्हा गोठल्या, मी तशाच वापरल्या. वासावरून काही कळलं नव्हतं, चवीवरून कळलं. अख्खं पातेलं ओतलं. तेव्हापासून फ्रीजरमध्ये एका वाटीत पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवते. नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं की मधे सगळं वितळलं होतं असं समजायचं आणि वाटण टाकून द्यायचं.

दुसरी वस्तू मोड. मटकी, मूग, कधी मसूर. शुक्रवारी रात्री भिजवा, शनिवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधा, रविवारी सकाळपर्यंत मोड येतात. थंडीत आणखी अर्धा दिवस लागतो. तेव्हा पुरचुंडी उघड्यावर ठेवू नका, तांदळाच्या डब्यात किंवा झाकणाच्या पातेल्यात ठेवून वर जाड टॉवेल टाका. वाटीभर मटकीची मोड आल्यावर अडीच-तीन वाट्या होते. कोरडी करून डब्यात भरली की फ्रिजमध्ये तीन-चार दिवस सुखाने राहते.

भिजवण्याच्या वेळेबद्दल मात्र कडक राहा. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी एका बारशाची ऑर्डर होती. चाळीस माणसांची उसळ. मी ४ किलो मटकी भिजवली आणि उन्हाळ्याच्या दिवसांत चौदा तास पाण्यात तशीच ठेवली. सकाळी हात घातला तर बुळबुळीत, वर फेस, आंबूस वास. धुऊन जाईल म्हणून चार पाण्यांतून काढली, तरी वास काही जाईना. नऊ वाजले होते, बारा वाजता डबे जायचे होते. पाच किलोचा डाळीच्या पिठाचा डबा उघडला आणि पिठलं केलं. ज्यांच्या घरचं बारसं त्यांची मी हात जोडून माफी मागितली, पैसे कमी घेतले. जेवण झाल्यावर त्यांच्या आजींचा निरोप आला, पिठलं उरलं असेल तर रात्रीला पाठव म्हणून. उन्हाळ्यात आठ तासांच्या वर काही भिजत ठेवायचं नाही, आणि मधे एकदा पाणी बदलायचं.

तिसरी आणि चौथी वस्तू किरकोळ वाटतील: सोललेला लसूण आणि दाण्याचं कूट. लसणाच्या पाकळ्या दहा मिनिटं कोमट पाण्यात टाकल्या की सालं भराभर सुटतात, मुलगासुद्धा सोलतो. सोललेल्या पाकळ्या पुसून कोरड्या डब्यात, फ्रिजमध्ये, आठवडाभर. तेलात बुडवून ओट्यावर मात्र ठेवू नका, त्यातून विषबाधा होऊ शकते. कूट पाव किलो दाण्यांचं करा, मंद भाजून, जाडसर. काकडी असो, गाजर असो, दोन चमचे कूट, दही, चिमूट साखर, झाली कोशिंबीर.

या सगळ्याला रविवारचा दीड तास लागतो. एकटीने नव्हे. एकाने कांदा परतायचा, एकाने पालेभाजी निवडायची, दहा वर्षांच्याने लसूण सोलायचा, आणि सासूबाईंना बसून दाणे पाखडायला आवडतील. त्यांना विचारून बघा. घरातल्या वडीलधाऱ्यांना आपण आरामाच्या नावाखाली स्वयंपाकघरातून बाहेर काढतो आणि मग त्यांचा दिवस जात नाही. पालेभाजी निवडली तरी धुवू नका. कोरड्या सुती कपड्यात गुंडाळून डब्यात ठेवा, तीन दिवस टिकते. वर्तमानपत्रात गुंडाळायची आपल्याकडची सवय सोडा, शाई भाजीला लागते.

आता रोजच्या संध्याकाळचं. जो आधी घरी पोचेल त्याने कपडे बदलायच्या आधी कुकर लावायचा. हात धुवायचे, कुकर लावायचा, मग बाकी सगळं. कुकरच्या शिट्ट्या सगळे मोजतात, पण वाफ जिरायला दहा-बारा मिनिटं लागतात ती कोणी धरत नाही. पावणेआठला लावलेला कुकर सव्वाआठला उघडतो, त्यात तुमची आंघोळ होते, मुलांच्या वह्या बघून होतात. आठ वाजता लावलात तर सगळे ओट्याभोवती उभे राहून कुकरकडे बघत बसतात. तूरडाळ सकाळी निघताना धुऊन पाण्यात घालून फ्रिजमध्ये ठेवून गेलात तर संध्याकाळी तीन शिट्ट्यांत मेणासारखी शिजते. शिजवताना हळद, हिंग आणि तेलाचे चार थेंब घाला.

पदार्थ निवडताना मी एक कसोटी लावते, आणि ती सांगितली की लोक माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात. तव्यावर एकेक करून उतरणारी वस्तू पाच माणसांच्या घरात कामाच्या दिवशी करायची नाही. झटपट म्हणून सगळे थालीपीठ सुचवतात. भाजणी तयार असते, मळायला पाच मिनिटं, खरं आहे. पण एक थालीपीठ दोन्ही बाजूंनी खरपूस व्हायला पाच-सहा मिनिटं लागतात. माणशी दोन धरा, दहा थालीपिठं, तवा एक. तासभर उभं राहायचं. सगळे जेवून उठतात आणि करणारी शेवटचं थालीपीठ ओट्यापाशी उभ्यानेच खाते. धिरडी, घावन, डोसे, सगळ्यांचं हेच. ते शनिवारी करा, लोणी घालून, गप्पा मारत. मंगळवारी रात्री नको. एका भांड्यात सगळ्यांचं एकदम होतं ते मंगळवारी.

तर एका भांड्यातलं. सोमवारी उसळ, कारण मोड ताजे असतात. दोन चमचे तेलाची फोडणी, मोहरी तडतडली की हिंग, हळद, त्यात चार वड्या वाटण. वाटणाला तेल सुटलं की अडीच-तीन वाट्या मटकी, दीड चमचा गोडा मसाला, तीन आमसुलं, सुपारीएवढा गूळ आणि दोन वाट्या गरम पाणी. झाकणावर पाणी ठेवून बारा मिनिटं. मटकी बोटाने दाबली की दबली पाहिजे, पण तिचा आकार राहिला पाहिजे. कुकरला लावायचा मोह आवरा, एक शिट्टी जास्त झाली की गाळ होतो. मीठ घालायच्या आधी सासूबाईंची वाटी बाजूला काढा आणि त्यात त्यांच्यापुरतं चिमूटभर घाला. मग बाकीच्यात मीठ, मुलांच्या वाट्या भरा. तुमच्या दोघांसाठी कढल्यात दोन चमचे तेल तापवून गॅस बंद करा, अर्ध्या मिनिटाने त्यात चमचाभर कांदा-लसूण मसाला घाला आणि ती तर्री आपापल्या वाटीवर ओता. तेल कडकडीत असताना मसाला घातला की तो जळतो आणि घरभर ठसका उठतो. एका पातेल्यात तिघांच्या तऱ्हा झाल्या, आणि कोणाला वेगळं शिजवावं लागलं नाही.

मंगळवारी खिचडी. वाटीभर तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ, दोन्ही धुऊन कुकरमध्येच फोडणीवर परतायची, साडेचार वाट्या गरम पाणी, तीन शिट्ट्या. पोटभरीला हीच हवी असेल तर माप दीडपट घ्या. वर तूप, बाजूला भाजलेला पापड आणि कोशिंबीर. खिचडीला आजाऱ्याचं जेवण म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी काही सांगत नाही. सासूबाईंना मऊ भात, मेतकूट आणि तूप वाढलंत तर त्या खिचडीकडे बघणारही नाहीत. मेतकूट घरी केलं तर उत्तमच, पण नाही जमलं तर महिला गटाकडचं आणा, त्यात कमीपणा काही नाही. पुडीवर मीठ किती आहे ते मात्र वाचा.

बुधवारी पिठलं, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बिघडतं तेही हेच आणि एकदा हातात बसलं की जन्मभर उपयोगी पडतं तेही हेच. गुठळ्या का होतात? कोरडं पीठ उकळत्या पाण्यात पडलं की गोळीचा वरचा थर लगेच शिजतो आणि आत पीठ कोरडंच अडकतं. म्हणून आधी एक वाटी डाळीचं पीठ एक वाटी गार पाण्यात हाताने कालवून घ्या. चमच्याने नको, हाताला गुठळी कळते. कढईत दोन मोठे चमचे तेल, मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण सहा-सात पाकळ्या, तो गुलाबी झाला की बारीक चिरलेला एक कांदा आणि हळद. हिरव्या मिरच्या चिरू नका, अख्ख्या ठेवून नुसती चीर द्या. स्वाद उतरतो, आणि मुलांना वाढताना मिरची उचलून बाजूला करता येते. आता दोन वाट्या पाणी घालून खळखळून उकळू द्या. उकळी आली की एका हाताने कालवलेलं पीठ धारेने सोडा, दुसऱ्या हाताने ढवळत राहा. दोन मिनिटांत घट्ट व्हायला लागेल. आच मंद करा, मीठ घाला, झाकण ठेवा, सहा मिनिटं.

ही सहा मिनिटं बहुतेक जण चोरतात. घट्ट झालं म्हणजे शिजलं असं वाटतं. पिठल्याचा आवाज ऐका. सुरुवातीला बुडबुडे पचपच करत भराभर फुटतात, शिजत आलं की एकेक मोठा बुडबुडा सावकाश, फट् करून फुटतो आणि कडेला तेल दिसायला लागतं. वास घ्या, कच्च्या डाळीचा उग्र वास गेला पाहिजे. घरी सकाळच्या पोळ्या आहेतच, नाहीतर कुकरमधला भात. पाण्याऐवजी आंबट ताक वापरलं की ताकातलं पिठलं, मुलांना ते जास्त आवडतं. फक्त ताकाला उकळी येईपर्यंत ढवळत राहा, नाहीतर फुटतं.

कोकणात हेच काम कुळथाची पिठी करते. कुळीथ भाजून दळलेले असतात, त्यामुळे ती आणखी लवकर शिजते. तीन चमचे पिठीला तीन वाट्या पाणी, लसणाची फोडणी, दोन आमसुलं. पातळ, भातावर ओघळणारी. पावसाळ्यात ओलं होऊन घरी आलात तर दुसरं काही करू नका.

गुरुवारी वरणफळं, म्हणजेच चकोल्या. पोळ्यांच्या बाईंना सांगून कणकेचे दोन गोळे जास्तीचे भिजवून फ्रिजमध्ये ठेवायला लावा. कणीक जरा काळपट पडते, पण आमटीत ते कळत नाही. कुकरमधलं वरण घोटून त्याची चिंच-गूळ-गोड्या मसाल्याची आमटी करा, आणि ती नेहमीपेक्षा दुप्पट पातळ ठेवा. फळं पाणी पितात. आमटी घट्ट असली की पाच मिनिटांत त्याची खळ होते. पोळी पातळ लाटायची, शंकरपाळ्यासारखी कापायची, हे काम सहा वर्षांच्याला द्या, वाकडीतिकडी कापली तरी चालतात. उकळत्या आमटीत एकेक सोडा. एकदम मूठभर टाकली की चिकटून गोळा होतो. आठ-दहा मिनिटं उकळली, फळ मधे मोडून बघितलं, पांढरी रेघ दिसली नाही, की झालं. वर तूप. पोळी, भाजी, आमटी एकाच वाटीत आली. आमच्याकडच्या दोन मुली कामावरून दमून आल्या की हेच करून खातात, दिवसभर शेकडो पोळ्या लाटल्यावरसुद्धा.

विदर्भातली उकडपेंडी तुम्हाला ठाऊक नसेल तर करून बघा. जाडसर दळलेली कणीक तेलात खमंग भाजायची, कांद्याची फोडणी, ताकाचा शिपका देत वाफ आणायची. उपम्यासारखी मोकळी होते, पंधरा मिनिटांत, सगळ्यांची एकदम. तशीच तांदळाच्या पिठीची उकड, लसणाची फोडणी आणि ताक घालून. या दोन्ही वस्तूंना आपण नाश्त्याच्या रांगेत बसवलंय, पण रात्री आठ वाजता त्या काही नाही म्हणत नाहीत.

भाज्यांचं मी थोडक्यात सांगते. दोडका, दुधी, कोबी, टोमॅटो या कामाच्या दिवसाच्या भाज्या. ढोबळी मिरची किंवा कांद्याची पात पीठ पेरून करा, डाळीचं पीठ शिंपडून वाफ दिली की दहा मिनिटांत होते. गवार, सुरण, अळू, फणस यांना सुट्टीच्या दिवशीच घरात आणा. बुधवारी भाजीवाल्याकडे सुंदर अळू दिसलं तरी मान वळवा.

तुम्ही खात असाल तर अंडी घरात हवीतच. उकडलेल्या अंड्यांना त्याच वाटणाचा रस्सा, वीस मिनिटं. जवळा हे दुसरं घबाड: बारीक सुकी कोळंबी, कोरडी भाजून, चाळून, पाण्यातून काढून पिळली, कांद्यावर परतली, वर आमसूल, दहा मिनिटांत भाताबरोबर जेवण. यात मूळचंच मीठ भरपूर असतं, सासूबाईंच्या ताटात नको. शेजारी कोण राहतं तेही बघून घ्या, भाजताना वास जिन्यापर्यंत जातो.

उरलेल्याचं एक पथ्य. सकाळच्या पोळ्या उरल्या तर फोडणीची पोळी करा, काही घरांत तिला कुस्करा म्हणतात. ती उत्तम. पण भात उरला तर तासाभरात फ्रिजमध्ये गेला पाहिजे. रात्रभर ओट्यावर झाकून ठेवलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात करायची पद्धत अनेक घरांत आहे. आपल्या हवेत ती धोक्याची आहे. भातात जे जंतू वाढतात त्यांचं विष पुन्हा गरम करून जात नाही. आमच्या केंद्रात रात्री उरलेला भात उद्यासाठी कधीच ठेवत नाही, आणि नवीन कामाला येणाऱ्या मुलीला पहिल्या दिवशी मी हेच सांगते.

शुक्रवार राहिला. शुक्रवारी बाहेरून मागवा. ठरवून मागवा, म्हणजे अपराधी वाटायचं कारण उरत नाही आणि मुलंही सोमवारपासून हट्ट धरत नाहीत. तुमचं आठवड्यातून तीनदा मागवणं मला फार गंभीर वाटत नाही. दमल्या अवस्थेत, भांडून, पावणेनऊला मागवणं वाईट. आणि एखाद्या दिवशी पोळ्या संपल्या तर केंद्रातून नुसत्या पोळ्या न्या, भाजी घरची करा. हे लिहिताना मी माझ्याच पोटावर पाय देते आहे, कारण आमचा नफा भाजीत असतो. पोळी करायला हात लागतात, भाजीला पातेलं.

ताटाबद्दल एक बोलते. वरण, भात, भाजी, पोळी, कोशिंबीर, चटणी, असं डावं-उजवं ताट रोज रात्री वाढलं गेलं नाही तर घर चुकतंय असं तुम्हाला वाटत असेल, तर ते डोक्यातून काढा. ते ताट ज्या घरांत रोज होत होतं तिथे दिवसभर स्वयंपाकघरात एक बाई उभी असायची, बऱ्याच ठिकाणी दोन. पिठलं-भात आणि कच्चा कांदा हे पूर्ण जेवण आहे.

भाजणीचं राहिलंच, कारण शनिवारच्या थालीपिठासाठी ती लागेल. ज्वारी २ वाट्या, बाजरी २, तांदूळ १, गहू १, हरभराडाळ १, उडीदडाळ अर्धी, धणे अर्धी वाटी, जिरं दोन चमचे. प्रत्येक धान्य वेगळं भाजा, कारण तांदूळ फुलायला लागतात तेव्हा बाजरी जळून गेलेली असते. गार झाल्यावर दळून आणा. गिरणीत दळण देताना आधी काय दळलंय ते विचारा. एकदा माझी भाजणी मिरचीवर दळली गेली होती. शेजारच्या काकूंच्या नातवाने पहिला घास घेतला आणि त्याचं रडणं दोन मजले वरपर्यंत ऐकू गेलं. कोरड्या डब्यात भाजणी दोन-तीन महिने राहते. पावसाळ्यात मात्र महिन्याभराचीच दळा, नाहीतर जाळी धरते.

या रविवारी यातलं सगळं करायला जाऊ नका, तुम्ही दमाल आणि पुढच्या रविवारी काहीच होणार नाही. शुक्रवारी रात्री एक वाटी मटकी भिजवा, रविवारी वाटणाची एकच ट्रे भरा, आणि सोमवारी संध्याकाळी आधी कोण पोचणार ते सकाळी निघतानाच ठरवा. कुकरची शिट्टी आणि रिंग कुठे ठेवली आहे ते त्या माणसाला दाखवून ठेवा.